‘बाइमबाय’चं ‘बाय’ होतं तेव्हा

‘मी उद्या पुण्याला जातो.’ या वाक्यातला भविष्यकाळ नेमका कुठे आहे? क्रियापदात तर नाही. ‘जातो’ हे रूप वर्तमानकाळाचं. ‘उद्या’ काढून घ्या, की वाक्य लगेच रोजच्या येण्याजाण्याचं होऊन बसतं. भविष्याचा सगळा भार त्या एका क्रियाविशेषणानं उचललेला आहे. मराठीला हे सहज परवडतं, कारण गरज पडली तर ‘जाईन’ आणि ‘जाणार’ घरातच आहेत. पण ज्या भाषेत क्रियापदाला काळाचा प्रत्ययच नाही, तिथे ‘उद्या’, ‘मग’, ‘नंतर’ असल्या शब्दांवरच सारी भिस्त. असा एखादा शब्द रोज, वाक्यावाक्यात, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत राहिला, तर तो क्रियाविशेषणच राहतो का?

हा प्रश्न सोडवायला भाषेच्या अभ्यासकांना एरवी जुन्या पोथ्या आणि शिलालेख धुंडाळावे लागतात. बदल होऊन शतकं उलटलेली असतात आणि बोलणारी माणसं कधीच गेलेली असतात. पापुआ न्यू गिनीच्या टोक पिसिन या भाषेत मात्र असा एक बदल चालू असतानाच पकडला गेला. आईबापांच्या पिढीचं बोलणं एकीकडे, मुलांचं दुसरीकडे, आणि दोन्ही ध्वनिफितीवर. ज्या शब्दाचं हे प्रकरण, तो शब्द म्हणजे ‘बाइमबाय’.

मळ्यावर जमलेली भाषा

एकोणिसाव्या शतकात नैर्ऋत्य पॅसिफिकच्या बेटांवर आधी चंदनाचे आणि समुद्रकाकडीचे व्यापारी आले, मग मळ्यांसाठी मजूर गोळा करणारी जहाजं. १८६३पासून क्वीन्सलंडच्या मळ्यांवर, आणि त्याच काळात फिजी, सामोआ, न्यू कॅलेडोनियातही, हजारो बेटवासी नेले गेले. काही राजीखुशीनं गेले, काहींना फसवून नेलं, काहींना चक्क पळवून. न्यू हेब्रिडीज म्हणजे आजचं व्हानुआटू, सॉलोमन बेटं, न्यू ब्रिटन, न्यू आयर्लंड अशा ठिकाणांहून ते येत. एकट्या आजच्या पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्यामुळे एकाच ओळीत ऊस तोडणाऱ्या दोघांची मायबोली एक असेल, याचा भरवसा नव्हता. खलाशांच्या आणि मुकादमांच्या इंग्रजीतून कानावर पडलेले शब्द उचलून या माणसांनी आपापसात बोलण्यापुरती एक भाषा उभी केली. कुणाचीच मायबोली नसलेली, कामापुरती जमवलेली अशी भाषा म्हणजे पिजिन.

कंत्राट संपलं की मजूर गावी परतत, ते ही भाषा सोबत घेऊन. १८८४ साली न्यू गिनीच्या ईशान्य भागावर जर्मनीचा झेंडा लागला. सामोआतल्या जर्मन मळ्यांवरून परतलेल्यांनी न्यू ब्रिटनच्या परिसरात ही बोली रुजवली. तिथल्या तोलाई भाषेचे शब्द तिच्यात शिरले, थोडे जर्मनही शिरले. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियानं तो मुलूख घेतला. राज्यकर्ते बदलले, भाषा राहिली.

तिच्याकडे पाहण्याची गोऱ्यांची नजर मात्र बदलली नाही. मोडकं इंग्रजी, पोरकट इंग्रजी, हाच शेरा. १९५३ साली संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त मंडळानं तर तिचा वापर बंद करावा असं ऑस्ट्रेलियाला सुचवलं. रॉबर्ट हॉल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९५५मध्ये तिची बाजू घेऊन पुस्तक लिहिलं. हा वाद इथे मांडण्याचं कारण असं, की ज्या दशकांत हिला व्याकरणच नाही असं म्हटलं जात होतं, नेमक्या त्याच दशकांत ती व्याकरण घडवत होती.

सुरुवातीच्या काळात क्रियापदाचं रूप एकच असायचं. ‘मी गो’ म्हणजे जातो, गेलो, जाईन, काहीही. (टोक पिसिनचा ‘मी’ आपल्या ‘मी’सारखाच वाटतो, पण तो इंग्रजीतून आलेला आहे. योगायोग गोड आहे, एवढंच.) पुढची गोष्ट सांगायची तर वाक्याच्या तोंडाशी ‘बाइमबाय’ ठेवायचा. खलाशांच्या तोंडी असलेल्या ‘बाय अँड बाय’चं, म्हणजे ‘थोड्या वेळानं’चं, हे बेटांवरचं रूप. ‘बाइमबाय मी गो’ : थोड्या वेळानं मी जातो. आपलं ‘उद्या जातो’ ज्या घडणीचं, त्याच घडणीचं हे वाक्य.

लाए, १९७१

लाए हे मोरोबे प्रांतातलं बंदर. आसपासच्या डोंगरांतून, दूरच्या बेटांवरून कामासाठी माणसं तिथे येत. नवरा एका भाषेचा, बायको दुसऱ्या भाषेची, शेजारी तिसऱ्या भाषेचे. घरात बोलायचं ते टोक पिसिनमध्येच. अशा घरांत वाढणाऱ्या मुलांच्या कानावर पहिली पडली ती हीच भाषा. म्हणजे एका गावात, एका काळी, दोन पिढ्या समोरासमोर होत्या : टोक पिसिन दुसरी भाषा म्हणून शिकलेले पण ती रोज सफाईनं वापरणारे आईबाप, आणि तीच मायबोली असलेली मुलं. प्रयोगशाळेत मुद्दाम मांडायची म्हटली तरी इतकी चोख मांडणी जमली नसती.

जिलियन सँकॉफ या कॅनडाच्या अभ्यासक. मोरोबेच्या डोंगरांतल्या बुआंग लोकांत त्यांनी आधी काम केलेलं, त्यामुळे टोक पिसिन त्यांच्या परिचयाची. १९७१मध्ये लाएमधल्या मोठ्यांचं आणि मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित झालं, आणि सुझान लाबेर्ज यांच्यासह लिहिलेला त्यांचा निबंध १९७३ साली ‘किवुंग’ या नियतकालिकात आला. ‘किवुंग’ म्हणजे सभा, बैठक. त्यांचा प्रश्न साधा होता : एखाद्या भाषेला पहिल्यांदाच मायबोली म्हणून बोलणारी माणसं मिळतात, तेव्हा भाषेचं काय होतं?

पहिली गोष्ट ‘बाइमबाय’च्या अंगाची. लाएमध्ये हे लांबलचक रूप आता क्वचितच कानावर येत होतं. मोठ्यांच्या तोंडीही ‘बाय’च. लांब शब्द एकाक्षरी झाला होता, आणि हे काम मुलांच्या जन्माआधीच उरकलं होतं.

दुसरी गोष्ट त्याच्या सोबत्यांची, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. ‘तुमोरा बाय मी गो’ : उद्या मी जाईन. ‘तुमोरा’ म्हणजे उद्या. काळ सांगायचं काम ‘तुमोरा’नं केलंच आहे, मग ‘बाय’ची गरज काय? तो अजून ‘थोड्या वेळानं’ असता, तर ‘उद्या थोड्या वेळानं मी जातो’ असं विचित्र वाक्य झालं असतं. तसं कुणाला वाटत नव्हतं. आपण ‘उद्या जाईन’ म्हणतो तेव्हा ‘उद्या’ही भविष्य सांगतो आणि ‘जाईन’ही, तरी ही द्विरुक्ती आहे असं आपल्या मनातही येत नाही. कारण एक शब्द आहे आणि दुसरं व्याकरण. ‘केव्हा’ हे सांगायचं काम सोडून ‘बाय’ आता क्रियापदाचा काळ सांगू लागला होता. त्याच्या अर्थातून ‘थोड्या वेळानं’ गळून पडलं होतं. घटका दोन घटकांची गोष्ट असो की वीस वर्षांनंतरची, ‘बाय’ दोन्हीला चाले.

त्याला जोडूनच त्याची पुनरावृत्ती. ‘बाय मी गो लोंग माकेट, बाय मी लुकिम सुसा बिलोंग मी, बाय मी कम बेक.’ मी बाजारात जाईन, बहिणीला भेटेन, परत येईन. तीन क्रियापदं, तीन ‘बाय’. मराठीत कुणी ‘मग मी बाजारात जातो, मग बहिणीला भेटतो, मग परत येतो’ असं सांगू लागलं, तर ते गोष्ट सांगणाऱ्या लहान मुलासारखं वाटेल, कारण आपला ‘मग’ अजून ‘मग’च आहे, तो घटनांचा क्रम सांगतो. इथला ‘बाय’ क्रम सांगत नाही. तो आपल्या ‘-ईन’सारखा प्रत्येक क्रियापदाबरोबर हजर राहतो, कारण आता ती त्याची नेहमीची जागा आहे.

जागाही सरकली. क्रियाविशेषण म्हणून तो वाक्याच्या तोंडाशी असे, साऱ्या वाक्याच्या बाहेर उभा. ‘मी’, ‘यू’ अशा छोट्या सर्वनामांच्या आधी तो अजूनही तिथेच सापडतो : ‘बाय मी गो’. पण कर्ता नाम असेल तर बहुधा तो कर्त्याला ओलांडून क्रियापदाला जाऊन खेटतो : ‘पापा बाय इ गो’, बाबा जातील. (‘इ’ ही क्रियापदाआधी येणारी छोटी खूण.) ‘एम’ म्हणजे तो, ती किंवा ते. त्याच्याबाबत दोन्ही चालतं, ‘बाय एम इ गो’ आणि ‘एम बाय इ गो’. एखाद्या शब्दाचा बदल अर्ध्या वाटेवर असल्याची खूण पाहायची तर ती अशा दुहेरी वागण्यात दिसते.

राहिला आघात. मोठी माणसं ‘बाय’ उच्चारताना त्याच्यावर कधी थोडा जोर देत, कधी नाही. मुलं जवळपास देतच नव्हती. त्यांच्या तोंडी स्वरही आखडला होता. ‘बाय’चा ‘ब’ इतकाच काय तो उरला होता, तोही पुढच्या शब्दाला चिकटून. मुलांचं एकूण बोलणंच वेगवान होतं. मोठे ‘मी गो लोंग हाउस’ म्हणत, मी घरी जातो. मुलं तेच ‘मी गो लाउस’ असं एका दमात म्हणून मोकळी होत.

आपल्याला यात नवल वाटू नये. ‘करतो आहे’चं ‘करतोय’ आणि ‘केलं आहे’चं ‘केलंय’ आपण रोज करतो. तिथेही एक स्वतंत्र क्रियापद आधी सहायक झालं, मग त्याचा जोर गेला, मग ते शेजारच्या शब्दात मिसळलं. कुणी ‘करतोय’ला मोडकी मराठी म्हणत नाही.

मुलं की आईबाप?

पिजिनला मायबोली मानणारी पिढी जन्मली की त्या भाषेला क्रिऑल म्हणतात. पुढे १९८१मध्ये डेरेक बिकर्टन यांनी एक मोठा सिद्धांत मांडला : पिजिन मुळात व्याकरणहीन असतं, मुलांना घरात धड भाषा ऐकायला मिळत नाही, म्हणून ती आपल्या उपजत भाषिक बुद्धीतून एका पिढीत व्याकरण उभं करतात आणि क्रिऑल जन्मतं. कल्पना विलक्षण आकर्षक आहे, आणि आजही ती अनेकांच्या मनात घर करून आहे.

लाएच्या ध्वनिफिती तिच्याशी जुळत नाहीत. ‘बाय’ आखूड केला तो मोठ्यांनी. ‘उद्या’बरोबर त्याला बसवला मोठ्यांनी. क्रियापदाशेजारी नेऊन ठेवला तोही मोठ्यांनीच. मुलांनी ती दिशा धरून बदल पुढे ढकलला, शब्द आणखी हलका केला, आणखी वेगानं चालवला. सँकॉफ आणि लाबेर्ज यांचा निष्कर्ष हाच होता, की मुलांनी नवं काही अचानक निर्माण केलं नाही. आधीपासून वाहणाऱ्या प्रवाहाला त्यांनी जोर दिला.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. मळ्यावर राबून आलेली, शहराच्या कडेला बिऱ्हाड केलेली, कुठल्याही शाळेत ही भाषा न शिकलेली प्रौढ माणसं भविष्यकाळ घडवत होती. त्यांना तो घडवायचा नव्हता. त्यांना बायकोशी, शेजाऱ्याशी, कामावरच्या सोबत्याशी दिवसभर बोलायचं होतं, आणि दिवसभर बोलायचं तर दर वाक्याला लांबलचक ‘बाइमबाय’ परवडत नाही. पिजिन बाजारापुरतं असतं तोवर लांब शब्द चालतो, कारण सावकाश, सुटं सुटं बोललेलंच समोरच्याला कळतं. तेच पिजिन घरात शिरलं, भांडणात, अंगाईत, चेष्टेत शिरलं, की वेग येतो. वेगात वारंवार लागणारा शब्द झिजतो. आणि झिजला की त्याला वाक्याच्या तोंडाशी स्वतंत्र उभं राहायला बळ उरत नाही, तो क्रियापदाचा आधार घेतो.

तोच शब्द, दुसरी बेटं

मग ‘बाइमबाय’च्या नशिबी भविष्यकाळच लिहिलेला होता का? नाही. खलाशांनी हा शब्द साऱ्या पॅसिफिकभर पेरला, पण पीक सगळीकडे एक आलं नाही. व्हानुआटूच्या बिस्लामात ‘बाम्बाए’ आणि ‘बाए’ दोन्ही नांदतात, भविष्याचं काम करतात, आणि लांब रूप अजून जिवंत आहे. सॉलोमनच्या पिजिनमध्येही ‘बाए’ तेच करतो.

हवाईच्या क्रिऑलमध्ये मात्र भविष्यकाळाची जागा दुसऱ्याच शब्दानं, ‘गो’च्या घराण्यातल्या ‘गॉन’नं, पटकावली. तिथे ‘बम्बाय’ ‘नंतर’ राहिला आणि त्याला आणखी एक अर्थ फुटला : ‘नाहीतर’. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या क्रिऑलमध्येही ‘बम्बाय’ असाच भीती दाखवतो. सांभाळ, नाहीतर पडशील, यातला ‘नाहीतर’. ‘थोड्या वेळानं’चं ‘नाहीतर’ कसं होतं, हे मराठी माणसाला उलगडून सांगावं लागत नाही. ‘पळू नकोस, मग पडशील.’ ‘जास्त खाऊ नकोस, मग पोट दुखेल.’ आपल्या आया हा ‘मग’ रोज वापरतात, आणि त्यात क्रमापेक्षा धाकच जास्त असतो.

शब्द एक, मूळ अर्थ एक, पण एका किनाऱ्यावर तो काळ झाला आणि दुसऱ्यावर धाक. शब्दाच्या पोटात त्याचं भविष्य आधीच लिहिलेलं असतं असं मानणाऱ्यांनी या दोन किनाऱ्यांकडे पाहावं. कुठली जागा रिकामी आहे आणि बोलणारे तो शब्द कोणत्या वाक्यांत पुन्हा पुन्हा वापरतात, यावर सारं ठरतं.

शेजारचे शब्द

‘बाय’ एकटा नव्हता. ‘पिनिस’ म्हणजे संपणं. ‘मी काइकाइ पिनिस’ : माझं जेवून झालं. आपलं ‘झालं’ जसं स्वतंत्र क्रियापदही आहे आणि ‘जेवून झालं’मध्ये पूर्णत्वाची खूणही, तसंच हे. ‘स्टाप’ म्हणजे थांबणं, राहणं. ‘मी काइकाइ इ स्टाप’ : मी जेवतोय. ‘तो बोलत राहिला’ यातलं ‘राहणं’ हेच करतं. ‘सावे’ म्हणजे माहीत असणं. पोर्तुगीजांच्या काळापासून समुद्रावर फिरणारा शब्द हा. ‘मी सावे काइकाइ पिस’ : मी मासे खातो, म्हणजे नेहमी खातो. जाणण्यातून सवय. ‘लाइक’ म्हणजे इच्छा असणं. ‘रेन इ लाइक कम’, पावसाला यायचंय, म्हणजे तो येण्याच्या बेतात आहे. मराठीत पाऊस ‘येऊ पाहतो’. इथे ‘पाहणं’ डोळ्यांचं काम सोडून बेताचं काम करतं. आणि ‘पाहिजे’चा तर आपल्याला विसरच पडलाय, की ते याच पाहण्याचं जुनं कर्मणी रूप आहे.

‘ओलसेम’ म्हणजे ‘तसंच, त्यासारखं’, पण ‘मी टोक ओलसेम...’ म्हटलं की पुढे बोललेलं वाक्य येतं, ‘मी म्हणालो की...’. आपला ‘म्हणून’ही म्हणण्यातून निघाला आणि कारण सांगू लागला. ‘पावसामुळे’मधलं मूळ, ‘रागापोटी’मधलं पोट, ‘घराकडे’मधली कड, या साऱ्या एकेकाळच्या सणसणीत नामांचीही तीच गत झाली. आपण त्यांना शब्दयोगी अव्ययं म्हणतो आणि त्यांच्यातलं मूळ, पोट, कड दिसेनासं होतं.

‘इया’ची हकिकत ‘बाय’हून अधिक गुंतागुंतीची आहे. हा इंग्रजीतल्या ‘इथे’ अर्थाच्या शब्दातून आला. आधी तो बोट दाखवायचा : ‘पिक इया’, हे डुक्कर. मग बोलताना लोक नामानंतर ‘इया’ म्हणत, त्या नामाबद्दल काहीतरी माहिती पुरवत आणि पुन्हा ‘इया’ म्हणून मूळ वाक्याकडे वळत : ‘पिक इया ओल इ किलिम आस्डे इया, एम इ बिकपेला.’ काल ज्याला मारलं ते डुक्कर मोठं होतं. समोरच्याला ‘कोणतं डुक्कर’ हे नीट कळावं म्हणून केलेली ही धडपड. सँकॉफ आणि पेनलोपी ब्राउन यांनी १९७६मध्ये दाखवलं, की त्यातूनच ‘जे... ते’ पद्धतीचं गौण वाक्य तयार झालं, आणि दोन ‘इया’ त्याचे दोन कंस बनले. बोलण्यातली एक सवय वाक्यरचनेचा नियम झाली.

साचा कुणाचा?

शब्द इंग्रजीतले हे खरं. पण त्यांना मिळालेली कामं इंग्रजीतली आहेत का? सर्वनामं पाहा. ‘मिपेला’ म्हणजे आम्ही, ‘युमी’ म्हणजे आपण. ‘मिपेला गो’ म्हटलं तर ऐकणारा वगळलेला, ‘युमी गो’ म्हटलं तर तो धरलेला. इंग्रजीत हा भेदच नाही, एकाच शब्दावर भागवतात. मराठीला तो जन्मापासून आहे, आणि पॅसिफिकच्या बेटांवरच्या भाषांनाही तो आहे. बेटवासीयांनी ‘यू’ आणि ‘मी’ हे दोन इंग्रजी शब्द घेतले, जोडले, आणि स्वतःच्या भाषेतल्या ‘आपण’च्या जागी बसवले. ‘-पेला’ हा ‘गडी, माणूस’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला. इथे तो अनेकवचनाची खूण झाला आणि ‘गुटपेला’, ‘बिकपेला’ अशा विशेषणांचं शेपूटही. ‘त्याला’ या अर्थाचा शब्द ‘-इम’ होऊन सकर्मक क्रियापदांना चिकटला : ‘रिट’ म्हणजे वाचन करणं, ‘रिटिम’ म्हणजे ते अमुक वाचणं. रॉजर कीसिंग यांनी १९८८च्या आपल्या ग्रंथात हा मुद्दा मोठ्या ताकदीनं मांडला : बेटांवरच्या भाषांत सकर्मक क्रियापदाला असा प्रत्यय आधीपासूनच होता, जागा तयार होती, इंग्रजी शब्द त्यात जाऊन बसले.

हे समजायला मुंबईकराला पॅसिफिकला जावं लागत नाही. ‘टेन्शन नहीं लेने का’, ‘उधर नहीं जाने का’. मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी पूर्ण पिजिन म्हणता येणार नाही, पण अनेक मायबोल्यांच्या लोकांनी कामापुरती जमवलेली ती बोली आहेच. या वाक्यांतला ‘का’ उत्तरेतल्या हिंदीचा षष्ठीचा प्रत्यय राहिलेला नाही. तो आज्ञा देतोय. ‘टेन्शन नाही घ्यायचं’, ‘तिकडे नाही जायचं’ ही मराठी वाक्यं शेजारी ठेवली की साचा कुठला ते लख्ख दिसतं. शब्द हिंदीचे, पण त्यांना नवं काम देणारी रचना मराठी कानाची.

मात्र ‘बाय’च्या बाबतीत सगळं श्रेय या साच्याला द्यावं असं मला वाटत नाही, कारण ‘नंतर’चा भविष्यकाळ झाल्याची उदाहरणं जगात दूरदूरवर आहेत. त्यातलं एक आपल्या दाराशी आहे.

रायगड जिल्ह्यात, कुंडलिकेच्या मुखाशी चौलसमोर, कोर्लईचा किल्ला उभा आहे. पायथ्याच्या गावातले ख्रिस्ती लोक घरात पोर्तुगीजपासून बनलेलं एक क्रिऑल बोलतात आणि त्याला ‘नो लिंग’ म्हणतात, आमची भाषा. १७४०मध्ये पोर्तुगीजांनी चौल सोडलं, भाषा गावात राहिली. तेव्हापासून तिला शेजार मराठीचा, इतका की तिचं क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. तिच्यात भविष्यकाळाची खूण आहे ‘ल’, क्रियापदाच्या आधी येणारी. ती आली ‘लोगु’ या पोर्तुगीज शब्दातून, ज्याचा अर्थ ‘लवकरच, थोड्या वेळानं’. म्हणजे शब्दशः ‘बाइमबाय’. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकानं १९९६ साली या भाषेवर ग्रंथ लिहिला, तेव्हा महाराष्ट्रातल्याही अनेकांना ती आहे हे पहिल्यांदा कळलं असेल.

त्याच ‘लोगु’पासून कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटाच्या पापियामेंतु भाषेला ‘लो’ मिळाला. तो तर हुबेहूब ‘बाय’सारखा वागतो. ‘लो मी बिनी’ : मी येईन. सर्वनाम असेल तर ‘लो’ त्याच्या आधी. ‘पेद्रो लो बिनी’ : पेद्रो येईल. नाम असेल तर ‘लो’ त्याच्यानंतर, क्रियापदाशेजारी. कुरासाव आणि लाए यांच्यात अर्ध्या पृथ्वीचं अंतर. शब्द वेगळे, मूळ भाषा वेगळी, मळ्यावर राबणाऱ्यांच्या मायबोल्याही वेगळ्या. तरी वाक्याच्या तोंडाशी उभा असलेला ‘नंतर’ छोटं सर्वनाम असलं की थबकतो आणि लांब नाम असलं की ओलांडून पुढे जातो.

आज

१९७५मध्ये पापुआ न्यू गिनी स्वतंत्र झाला. टोक पिसिनला राजभाषांत स्थान मिळालं. संसदेत ती बोलली जाते. ‘वानटोक’ हे साप्ताहिक १९७०पासून तिच्यात निघू लागलं होतं. शहरांतल्या मुलांच्या बोलण्यावर सुझान रोमेन यांनी पुढे विस्तृत काम केलं आणि ‘बाय’कडे निव्वळ भविष्यकाळ म्हणून पाहणं अपुरं आहे हे दाखवलं. घडलं नाही पण घडू शकेल, घडलं असतं, अशा सगळ्या अवास्तव प्रदेशात तो वावरतो. आपण ‘तो आता घरी पोचला असेल’ म्हणतो तेव्हा भविष्याचं रूप अंदाजाला लावतो, तसंच काहीसं. त्याची जागा मात्र अजूनही पक्की एक झालेली नाही. ‘बाय एम’ आणि ‘एम बाय’ दोन्ही ऐकू येतात, आणि पन्नास वर्षांपूर्वी अर्ध्या वाटेवर दिसलेला बदल अजून त्या वाटेवरच आहे. अशा गोष्टी किती सावकाश चालतात, याचा अंदाज मला यावरूनच आला.

बाकीचे शब्द मात्र भराभर आखडताहेत. मोबाइलवर लिहिताना तरुण मंडळी ‘बिलोंग’चं ‘ब्लो’, ‘लोंग’चं ‘लो’, ‘सावे’चं ‘सा’ करतात. मुलांच्या तोंडी जे १९७१मध्ये होतं, ते आता लिपीतही उतरलं आहे.

आणि ‘बाइमबाय’नं जी मूळ जागा सोडली, ‘थोड्या वेळानं, नंतर’ची? ती रिकामी राहिली नाही. ‘मागे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दापासून ‘बिहाइन’ आला आणि तिथे बसला. आज कुणाला ‘नंतर येतो’ म्हणायचं असेल तर तो म्हणतो, ‘बिहाइन बाय मी कम.’ नव्या ‘नंतर’च्या शेजारीच जुना ‘नंतर’ या वाक्यात उभा आहे, आणि बोलणाऱ्याला ते जाणवतही नाही.